नळीवरची माती

नरहर मास्तरांचा डॉक्टरांवर राग होता, आणि तो त्यांनी बावीस वर्षं मोठ्या प्रेमाने जपला होता. छत्तीस साली त्यांचं पोट बिघडलं. वर्ध्याच्या आणि नागपूरच्या मिळून चार डॉक्टरांनी हात टेकले. मग कोणीतरी सुचवलं म्हणून मास्तर रोज पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवायला लागले, आणि दीड महिन्यात त्यांना भाकरी पचायला लागली. तेव्हापासून त्यांच्या सिंदी गावात कोणाला पडसं झालं, कोणाला करट झालं, कोणाची सून चिडचिड करायला लागली, तरी मास्तरांचं औषध एकच. त्या काळात आपल्या वर्धा जिल्ह्यात अशी माणसं गावोगाव होती. सूत कातायचं, मीठ सोडायचं आणि पोटावर माती ठेवून पडायचं. त्यातली बहुतेक निरुपद्रवी होती. मास्तरांना मात्र आपलं खरं करून दाखवल्याशिवाय चैन पडत नसे. तीस वर्षं शाळेत मुलांची तोंडं बंद करून करून त्यांना कोणाचं उलट बोलणं ऐकायची सवयच राहिली नव्हती.

सत्तावन्नच्या ऑगस्टात त्यांना नात झाली, लीना. चौथ्या महिन्यात तिचं डोकं अंगापेक्षा भराभर वाढायला लागलं. टाळू फुगून वर आली आणि डोळे असे खाली वळले, की बुबुळांच्या वर नुसतं पांढरं दिसायचं. मास्तरांची सून शरयू गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवायची, आणि तिला सासऱ्याची भीती वाटत नसे. मास्तरांच्या लेखी हाच तिचा मुख्य दोष. तिने मुलीला उचललं आणि नागपूरला डॉक्टर चांदूरकरांकडे नेलं. मेंदूत जे पाणी तयार होतं त्याची बाहेर पडायची वाट बंद झाली आहे, ती करून द्यावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि मुंबईच्या आपल्या गुरूंच्या नावाने त्यांनी चिठ्ठी दिली.

"माती पाणी ओढून घेते," मास्तर म्हणाले. "पोरीचं डोकं फोडायचं कारण नाही. मी परवानगी देणार नाही."

"परवानगी मागितली नाही मामंजी," शरयू म्हणाली. "गाडीची वेळ सांगितली."

माधव, म्हणजे मास्तरांचा मुलगा, स्टेशनावर मालधक्क्याच्या कचेरीत कारकून होता. त्याने बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि ट्रंक उचलली. मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या तिथे.

मार्चच्या अखेरीला ती दोघं मुलीला घेऊन परत आली. मुंबईच्या सर्जनने लीनाच्या उजव्या कानामागे हाडाला भोक पाडून एक बारीक प्लॅस्टिकची नळी आत सोडली होती. ती कातडीखालून मानेवरून, छातीवरून पोटात नेली होती. डोक्यातलं जास्तीचं पाणी पोटात उतरायचं आणि तिथे जिरायचं. बोट फिरवलं की कानामागे नळीचा उंचवटा लागायचा, आणि त्यावर वाटाण्याएवढी खपली अजून धरलेली होती. शरयूने ठळक अक्षरात कागद लिहून पाळण्याच्या दोरीला बांधला. डोक्याला कोणी हात लावू नये. तेल लावू नये. ताप आला तर त्याच दिवशी नागपूर.

मास्तरांनी तो कागद वाचला आणि त्यात त्यांना व्याकरणाची एकही चूक सापडली नाही, याचाही त्यांना राग आला.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली. शरयू साडेसहाला घर सोडायची ती अकराला परतायची. माधव आठला जायचा. मास्तरांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे सकाळभर लीना मास्तरांच्याच हवाली असे. मधे तासभर पंचफुला यायची. पंचफुला म्हणजे गावाबाहेर दोन एकरांत भाजीपाला करणारी पन्नाशीची विधवा. सकाळी भाजीची टोपली दारोदार नेता नेता पाच घरच्या लेकरांची मालिशही ती करून देत असे. लीनाचे हातपाय ती चोळायची, पण शरयूने बजावल्यापासून मानेच्या वर तिने कधी बोट नेलं नाही. कागद तिला वाचता येत नव्हता, तरी त्यातला शब्द न् शब्द तिला पाठ होता.

एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात मास्तर तिला म्हणाले, "पंचफुला, तुझ्या वावरातली थोडी माती आणून दे. तीन फूट खालची हवी. वरची नको, तिथे खत असतं."

"काहाले, गुरुजी?"

"पोट धरलंय माझं."

पण माती आणून दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती परत वळली विसरलेला विळा न्यायला, तर गुरुजींचं पोट कोरडं होतं आणि माती पोरीच्या डोक्यावर होती. पंचफुला दारातच उभी राहिली. मास्तरांनी ओठावर बोट ठेवलं. शिकल्यासवरल्या माणसाने, तेही आजोबाने, ओठावर बोट ठेवल्यावर पंचफुलाने काय बोलावं? तिने विळा घेतला आणि गेली. आणि रोज भाजीच्या टोपलीत तळाशी, फडक्यात बांधून, ओंजळभर माती आणत राहिली.

मास्तरांचं काम मोठं नेटकं असायचं. माती उन्हात वाळवायची, वस्त्रगाळ करायची, माठातल्या पाण्यात भिजवायची, जुन्या धोतराच्या तुकड्यावर थापायची आणि ओल्या बाजूने डोक्यावर ठेवायची. जिथे रोग तिथे पट्टी, हा त्यांचा नियम. म्हणून कपाळावरून ती उजव्या कानामागे, बरोब्बर खपलीवर आणून टेकवायची. वीस मिनिटं. मग ओल्या फडक्याने पुसून काढायचं, इतकं स्वच्छ, की अकरा वाजता आलेल्या शरयूला कणही दिसू नये. लीनाला गारवा आवडायचा. ती हुंकार द्यायची आणि मास्तरांच्या अंगठ्याशी खेळायची, आणि मास्तरांचा जीव तिच्यात किती होता हे त्या वीस मिनिटांत कोणी पाहिलं असतं तर त्यांच्यावर रागवायलाही जरा जड गेलं असतं. खोटं कशाला बोला, त्यांना पोर बरी व्हायला हवी होती. फक्त ती आपल्या हातून बरी व्हायला हवी होती.

दर रविवारी शरयू शिंप्याच्या टेपने डोक्याचा घेर मोजायची. घेर कमी होत होता. पहिल्या रविवारी दोराभर, दुसऱ्या रविवारी आणखी दोराभर. शरयू भिंतीवर आकडा लिहायची आणि नळीच्या नावाने देवाला हात जोडायची. मास्तर शेजारी बसून टकळीवर सूत काढायचे आणि मनातल्या मनात हसायचे. त्यांच्या उशाखाली एक डायरी होती. तीत तारीख, वेळ, पट्टीची जाडी आणि मातीचं ठिकाण, 'पंचफुलाचे वावर, तीन फूट खोल', सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असे. बावीस पट्ट्या झाल्या. घेर पुरता उतरला की ही डायरी सुनेच्या पुढ्यात टाकायची, एक शब्द बोलायचा नाही, नुसती टाकायची, असं त्यांनी ठरवलं होतं. या एका क्षणासाठी ते महिनाभर सुनेशी गोड बोलले.

तेविसाव्या पट्टीच्या दिवशी लीना अंगठ्याशी खेळली नाही. दुपारी तिने दूध ओकलं. शरयूने पाठीला हात लावला आणि थर्मामीटर काढला. एकशे तीन. कानामागची खपली सुटली होती, भोवतीची कातडी लालभडक तटतटली होती, आणि बोट टेकवलं तर खालून पिवळा थेंब वर आला.

माधवने गावातल्या डॉक्टरला आणलं. त्याने पेनिसिलिनची सुई टोचली आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने नागपूर गाठा म्हणाला. गाडीला तीन तास होते. तेवढ्यात पंचफुला उरलेली मेथी घेऊन अंगणात आली, आणि शरयू तिच्यावर तुटून पडली.

"काय लावलंस तिच्या डोक्याला?"

"काहीच नाई बाई. म्या हातपाय चोळले."

"तेल लावलंस! हजारदा सांगितलं होतं, मानेच्या वर हात नेऊ नकोस. तुझ्या त्या घाणेरड्या वाटीतलं तेल माझ्या पोरीच्या मेंदूत गेलं!"

"लेकराची आन घेते बाई..."

"माझ्या लेकराची आन तू घेतेस? चालती हो. पुन्हा या दारात दिसलीस तर टोपलीसकट रस्त्यावर फेकीन."

शेजारच्या चार दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या. पंचफुलाने पदराने तोंड पुसलं आणि ओसरीकडे पाहिलं. ओसरीवर मास्तर खुर्चीत बसले होते आणि टकळी फिरवत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं ते एकदाच, पण पाहिलं ते चांगलं. मास्तरांचं सूत तुटलं. त्यांनी मान खाली घातली आणि तुटलेलं टोक शोधायला लागले. पंचफुला मेथी तिथेच ठेवून निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या चार घरांनीही तिला मालिशला येऊ नको म्हणून सांगितलं, आणि तिची भाजीही त्या आळीत कोणी घेईना.

नागपूरच्या दवाखान्यात मास्तरांसह तिघांना डॉक्टर चांदूरकर भेटले. बुटका, तिरसट माणूस. तोंडातून गोड शब्द निघाला तर दात पडतील की काय अशी त्यांना धास्ती असावी. त्यांनी लीनाची मान पुढे वाकवून पाहिली, ती वाकेना. टाळूतून सुई घालून थोडं पाणी काढलं. ते गढूळ होतं.

"नळी सडली आहे," ते म्हणाले. "आता ऐका. अशी नळी घातलेल्या दहा मुलांत दोघातिघांची सडते. मुंबईत सडते, विलायतेत सडते. आमच्या हातमोज्यातून जंतू जातो, पेशंटच्या कातडीवरचा जातो. तेव्हा मी कोणाला फासावर चढवायला विचारत नाही, औषध ठरवायला विचारतो. जखमेला बाहेरचं काय लागलं?"

"मालिशवालीचं तेल," शरयू म्हणाली.

"तेल. आणखी?"

डॉक्टरांनी माधवकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "तुम्ही घरी असता ना दिवसभर? काही लेप, अंगारा, पाला?"

तोंड उघडायला याहून सोपी वेळ मास्तरांना आयुष्यात परत येणार नव्हती. समोरचा माणूस स्वतःच म्हणत होता, की आमच्याही हातून होतं. मास्तरांनी नेमकं तेवढंच उचललं. त्यांचं मन म्हणालं, बघा, कबूल करतोय, यांच्याच हातमोज्यातून गेलं. मातीने कधी कोणाचं वाईट झालंय?

"अंगाऱ्या-धुपाऱ्यावर माझा विश्वास नाही," मास्तर ताठ मानेने म्हणाले. आणि हे अक्षरशः खरं होतं, याचं त्यांना समाधानही वाटलं.

"बरं," डॉक्टर म्हणाले. "मग कातडीवरचाच जंतू धरून चालू. पेनिसिलिन वाढवतो. पाणी तपासायला पाठवलंय, पण गावात एक सुई आधीच टोचली आहे, तपासणीत काही उगवेल याची खात्री नाही. उतार पडला तर नळी वाचवू. नाही पडला तर काढावी लागेल, आणि काढली की डोक्यातलं पाणी पुन्हा तुंबायला लागेल. तेव्हा काही आठवलं तर मला उठवून सांगा."

पहिला दिवस गेला. ताप उतरला नाही. दुसऱ्या दिवशी लीनाला झटके आले. तपासणीत काहीच उगवलं नाही. डॉक्टर वॉर्डात आले की दरवेळी तोच प्रश्न विचारायचे, काही आठवलं का, आणि मास्तर दरवेळी खिडकीबाहेर पाहायचे. डायरी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होती. ती का बरोबर घेतली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरी ठेवली तर कोणी वाचेल ही भीती असणार.

शरयू त्यांच्याशी बोलत होती, आणि तेच वाईट होतं. "मामंजी, दूध घ्या. मामंजी, जरा पडा तुम्ही." संकटात माणूस घरातल्या माणसाला धरतो तशी ती सासऱ्याला धरून होती. तिचा सगळा राग पंचफुलावर खर्च झाला होता. तिसऱ्या दिवशी ती माधवला म्हणाली, "लीनाला काही झालं तर त्या बाईला मी पोलिसात देईन." माधव नुसता मान हलवत राहिला. मास्तरांनी पाण्याचा गडू उचलला आणि नळावर जायचं निमित्त करून बाहेर पडले.

चौथ्या दिवशी सकाळी असेच गडू घेऊन ते फाटकापाशी आले, तर चौकीदाराशी कोणी बाई वाद घालत होती. पंचफुला होती. सिंदीहून पहिल्या गाडीने आली होती. हातात फडक्याचं गाठोडं होतं.

"गुरुजी," ती म्हणाली. "पोरगी कशी हाय?"

"तू कशाला आलीस इथे?"

"पोरगी कशी हाय थे सांगा पयले."

"बरी नाही."

पंचफुलाने गाठोडं वर धरलं. "मी माती आणली. डॉक्टरले दाखवाले. तुमी सांगलं का त्याले?"

मास्तरांनी चौकीदाराकडे पाहिलं आणि तिला बाजूला घेतलं. "हळू बोल. मातीचा काही संबंध नाही. स्वच्छ माती होती. तीन फूट खालची."

"नव्हती."

"काय?"

"तीन फूट खालची नव्हती गुरुजी. एप्रिलातली जमीन हाय, लोखंडावानी झाली. मी एकटी बाई, मले काऊन खणाले जमन? मी वांग्याच्या वाफ्यातली देली. भिजली राह्यते, हातानं निंगते. तुमच्या पोटाले लावाले पाह्यजे म्हणले तुमी. मंग पोरीच्या डोक्यावर पाह्यली तं भेव वाटलं, पण सांगू कशी? तुमी बोट ठेवलं ना तोंडावर. त्या वाफ्यात शेणखत हाय. गाडीभर टाकलं होतं होळीले. बाई मले बोलली, तवा मी म्हणलं, गुरुजी सांगतीन. चार दिस वाट पाह्यली. आता तुमी सांगता का मी सांगू?"

आणि इथे मास्तरांना काय वाटलं ते सांगायलाच हवं, कारण तसं वाटल्याबद्दल त्यांनी स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही. त्यांना सुटल्यासारखं वाटलं. जीव भांड्यात पडला त्यांचा. माती निर्दोष होती, उपचार निर्दोष होता, बावीस वर्षं निर्दोष होती. चूक या बाईची होती! तीन फूट सांगितलं होतं, डायरीत लिहिलेलं होतं, आणि हिने आळस करून वाफ्यातली शेणाची माती आणून दिली. चार दिवस जो राग पोटात कोंडला होता त्याला एकदम दार सापडलं. त्यांनी पंचफुलाचं मनगट धरलं आणि तिला फाटकातून, व्हरांड्यातून, ओढतच वॉर्डात नेलं. गडू फाटकापाशीच राहिला.

शरयू खाटेजवळ उभी होती. माधव होता. डॉक्टर चांदूरकर लीनाच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकून पाहत होते.

"डॉक्टर!" मास्तर ओरडले. शाळेत ओरडायचे तसेच. "विचारा हिला! मी हिला स्वच्छ तीन फुटांखालची माती आणायला सांगितली होती. हिने शेणखताच्या वाफ्यातली दिली. महिनाभर फसवलं मला. तेवीस दिवस! माझ्याकडे लिहिलेलं आहे!"

खिशातून डायरी काढून त्यांनी ती समोर धरली.

डॉक्टरांनी बॅटरी बंद केली. "कोणती माती?" त्यांनी विचारलं. "कुठे लावलीत?"

आपण काय बोलून गेलो ते मास्तरांच्या कानांना आता ऐकू आलं. हातात डायरी तशीच होती.

"डोक्यावर," पंचफुला म्हणाली. "कानामागं. थ्या खपलीवर. रोज."

डॉक्टरांनी तिच्या हातातलं गाठोडं घेतलं, सोडलं, माती बोटांत चुरडली आणि नाकाशी नेली. मग ते नर्सला भराभर सांगायला लागले. धनुर्वाताची लस, स्ट्रेप्टोमायसिन, पेनिसिलिनच्या जोडीला दुसरं औषध, आणि ऑपरेशनची तयारी. नळी आत्ताच्या आत्ता काढायची. सांगता सांगता ते मास्तरांसमोर येऊन थांबले.

"चार दिवस," ते म्हणाले. "चार दिवस मी कातडीवरच्या जंतूला मारत बसलो, आणि पोरीच्या डोक्यात शेणातला जंतू होता. मी तुम्हाला आठ वेळा विचारलं, मास्तर. माती लावलीत ते अडाणीपण होतं, ते मी पाहून घेतलं असतं. बाहेर जा. माझ्या वॉर्डात दिसू नका."

शरयूने काही विचारलं नाही, रडलीही नाही. तिने मास्तरांच्या हातातून डायरी घेतली आणि उभ्या उभ्या पहिल्या पानापासून वाचली. वीस मिनिटं. पाव इंच जाडी. आज बालिका प्रसन्न. घेर कमी, माती लागू पडत आहे. सगळी पानं वाचून झाल्यावर तिने ती मिटली आणि स्वतःच्या पिशवीत टाकली. मग ती पंचफुलाकडे वळली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो बाई."

"मी तुला चार दारांसमोर नको ते बोलले, तेव्हाही माहीत होतं."

"हो बाई. मी भेली."

"मी तेलाचं म्हणाले ते खोटं होतं. पण तुलाही मी सोडणार नाही हो. तू बोलली असतीस तर..." पंचफुलाने मान हलवली. तिला ते कबूलच होतं.

मास्तरांकडे शरयूने पाहिलं नाही. भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "सिंदीला जा. आजच्याच गाडीने. त्या चार घरांत जा आणि माझ्या पोरीच्या डोक्याला कोणी काय लावलं ते सांगा. तुमच्या तोंडाने सांगा. चौघींनी हिला परत कामावर घेतलं असं हिच्याकडून मला कळल्याशिवाय तुम्ही मला तोंड दाखवायचं नाही. आणि माझ्या मुलीला हात लावायचा नाही. मी सांगेपर्यंत नाही."

"सूनबाई, मला तिचं वाईट..."

"गाडीची वेळ झाली," शरयू म्हणाली.

मास्तरांनी माधवकडे पाहिलं. माधवने या खेपेला बायकोकडे पाहिलंच नाही. तो बापाकडे टक लावून पाहत होता, आणि तसं पाहताना तो उठून दाराशी गेला आणि त्याने दार उघडून धरलं.

सिंदीत मास्तर चार दारांत उभे राहिले. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मुली आता त्या घरांत आया झाल्या होत्या. पहिल्या दारात त्यांनी प्रस्तावना केली, निसर्गोपचाराचं तत्त्व सांगायला सुरुवात केली, आणि आतून बाईने विचारलं, "म्हणजे लावली तुम्हीच ना, गुरुजी?" दुसऱ्या दारापासून त्यांनी प्रस्तावना सोडून दिली.

लीना मेली नाही. सतरा दिवस तिच्या टाळूतून रोज सुईने पाणी काढावं लागलं, सतरा दिवस शरयू ती सुई जाताना पोरीचे हात धरून बसली. अठराव्या दिवशी पाणी काचेसारखं निवळ निघालं. जूनमध्ये डॉक्टर चांदूरकरांनी स्वतः डाव्या बाजूने नवी नळी घातली. पण त्या चार दिवसांनी जे न्यायचं ते नेलं होतं. लीनाला उजेड कळायचा, खिडकी कुठे आहे ते कळायचं, पण आईचा चेहरा दिसतो का याची खात्री कोणालाच देता आली नाही. नजर आजाराने गेली, झटक्यांनी गेली, की उशिराने गेली, असं माधवने विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ते मलाही सांगता येणार नाही. आणि तुम्ही घरी त्याचा निकाल लावत बसू नका." अर्थात घरी निकाल लागलेला होताच.

पंचफुला बाकीच्या चार घरी परत जायला लागली. मास्तरांच्या दारावरून जाताना ती वेग वाढवायची.

मास्तर ओसरीवर राहायला लागले. जेवण ओसरीवर, झोप ओसरीवर. त्यांना कोणी तिथे पाठवलं नव्हतं, पण आतही बोलावलं नव्हतं. माती त्यांनी त्या दिवसापासून सोडली. पोट दुखलं की दुखू द्यायचे.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात शरयू ओसरीवर आली. हातात पाण्याची बादली, तांब्या आणि साबणाची वडी होती. "आज तिला घ्यायचं असेल तर घ्या," ती म्हणाली.

मास्तर धडपडत उठले. त्यांनी मोरीशी हात पुढे केले आणि शरयूने वरून पाणी सोडलं. त्यांनी साबण लावला, तळवे, बोटं, मनगटं चोळली, धुतली आणि धोतराला पुसायला गेले.

"धोतराला नाही. पुन्हा."

त्यांनी पुन्हा धुतले. शरयू वाकून त्यांची नखं पाहत होती, जसे ते शाळेत सकाळच्या प्रार्थनेआधी रांगेतल्या मुलांची पाहायचे. उजव्या अंगठ्याच्या नखाखाली एक काळी रेघ होती. बागकामाची असेल, पणतीच्या काजळीची असेल, किंवा अशीच म्हाताऱ्या नखाची असेल.

आत पाळण्यात लीना पाण्याचा आवाज ऐकून खिदळायला लागली होती. तिला वाटत होतं, कोणीतरी तिच्याशी खेळायला येतंय. मास्तरांनी दाराकडे पाऊल उचललं.

शरयूने तांब्या भरला.

"पुन्हा," ती म्हणाली, आणि मास्तरांनी हात पुढे केले.